छंदाचं मासिक घ्यावं का? वर्गणी भरायच्या आधी अंक असा चाळून पाहा

छंदाची मासिकं पहिल्यासारखी राहिली नाहीत हे सगळेच म्हणतात, बागकामवाले म्हणतात, इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणतात, पक्षी पाहणारे म्हणतात, पण मंग कोणतं चालू ठेवायचं अन् कोणतं बंद करायचं हे कोणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहून राहिलो. कारंजा तालुक्यातल्या एका खेड्याच्या वाचनालयात मासिकं मागवायचं काम माझ्याकडे आहे. अनुदान थोडं, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि टेबलाभोवती बसणारे पोट्टे तोंडावर विचारतात, "काका, मोबाईलवर सगळं फुकट हाये, हे काहून मागवता?" प्रश्न बरोबर आहे. बऱ्याच मासिकांच्या बाबतीत माझ्याजवळ उत्तर नव्हतं, ती बंद केली. थोड्यांच्या बाबतीत उत्तर आहे, अन् ते अंक हातात घेऊन पाचदहा मिनिटांत कसं काढायचं तेवढंच इथं सांगतो. घरी एकट्यासाठी घेत असाल तरी हेच चालते.

आधी हे ठरवा की आपण पैसे कशाचे देतो. नवीन काय आलं, किंमत किती, फोटो कसा, हे मोबाईल आधीच सांगते अन् फुकट सांगते, त्यात मासिक कधीच जिंकणार नाही. मासिकाला पैसे द्यायचे ते दोन कामांचे: एक म्हणजे लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतःच्या हातानं करून पाहिली, आणि दुसरं म्हणजे छापायच्या आधी दुसऱ्या कोणीतरी जाणकारानं ती तपासली, लेखकाला उलटे प्रश्न विचारले, आकडे जुळवले. यूट्यूबवर पहिलं काम करणारे लय भारी लोक आहेत, ते मान्यच करा, पण दुसरं काम तिथं फारसं कोणी करत नाही. मासिकात ही दोन्ही कामं व्हायची. आता ज्या मासिकात दोन्ही होत नाहीत ते नेटवरचाच मजकूर महिनाभर उशिरा, पैसे घेऊन देते, अन् असली मासिकं वाढून राहिली आहेत.

दिवाळी अंक पाहून वर्गणी भरू नका. दिवाळीत सगळेच नटतात, वर्षभराचा जोर तिथं लावलेला असतो, जाहिराती त्याच अंकात भरून येतात. फेब्रुवारी, जुलै असला मधला कोरडा महिना निवडा. एकच सुटा अंक विकत घ्या, आणि त्याच मासिकाचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा त्याच महिन्याचा अंक कोणाकडे मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवा. मिळतोच, वाचनालयाच्या माळ्यावर नाहीतर एखाद्या रिटायर मास्तरच्या पलंगाखाली. महिना एकच असला की मोसमाचे विषय जुळतात अन् फरक लगेच दिसते.

मंग पेन्सिल घेऊन पानापानावर खूण करत जा. जिथं कोणीतरी करून पाहिलेलं काम आहे तिथं एक खूण, उघड जाहिरात आहे तिथं दुसरी, आणि लेखाचं सोंग घेतलेली जाहिरात आहे तिथं तिसरी. तिसरी ओळखायला सोपी असते. त्या लेखात वस्तूची एकही खोट सांगितलेली नसते, किंमत 'परवडणारी' असते पण आकडा नसतो, अन् शेवटी कंपनीचा नंबर असतो. उघड जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही, उलट जुन्या अंकांतल्या जाहिराती मी आवडीनं वाचतो, कोणता पार्ट कुठं मिळत होता ते त्यातूनच समजते. तिसऱ्या खुणा पहिल्यांपेक्षा जास्त झाल्या की अंक तिथंच मिटवला तरी हरकत नाही.

त्यानंतर शुद्धिपत्र शोधा. 'मागच्या अंकातल्या आकृतीत अमुक चूक होती, ती अशी वाचावी' असं कुठंतरी कोपऱ्यात छापलं असेल तर ते मासिक जिवंत आहे असं समजा. लोकांना उलटं वाटते, चुका छापते म्हणजे मासिक वाईट. अहो, चुका सगळीकडेच होतात, शुद्धिपत्र छापलं म्हणजे तिकडे कोणीतरी वाचकाचं पत्र वाचते, तपासते अन् कबूल करते. वर्षभराच्या अंकांत एकही दुरुस्ती नाही असं दिसलं तर त्याचा अर्थ चूक झाली नाही असा नसतो. पत्रांचं पान पण पाहा. 'अंक वाचनीय होता, मुखपृष्ठ आवडले' एवढीच पत्रं असतील तर ती नसल्यासारखीच. 'तुमच्या सर्किटात रिले (विजेनं चालू-बंद होणारी कळ) चिकटून बसतो, मी अमुक बदल केला' असलं पत्र सापडलं की समजायचं, वाचक करून पाहून राहिले आहेत अन् संपादक त्यांना जागा देऊन राहिला आहे.

आता विषयाप्रमाणे पाहू. मला इलेक्ट्रॉनिक्सचं जरा जास्त समजते म्हणून तिथंच जास्त बोलतो.

सर्किटचा लेख असेल तर आधी आकृती पाहू नका, पार्टची यादी पाहा. यादीत रेझिस्टर किती वॉटचा, कपॅसिटर किती व्होल्टचा हे लिहिलंय का? नुसतं '१००० मायक्रोफॅरड' लिहून सोडलं असेल तर बनवणाऱ्यानं दुकानात जाऊन तो मागितलाच नाही, काहून की अकोल्याचा असो की नागपूरचा, दुकानदार पहिला प्रश्न विचारते, "किती व्होल्टचा?" मंग ७८०५ आयसी शोधा, ती जवळपास सगळीकडे असतेच. ही आयसी ५ व्होल्ट देते पण तिला इनपुटला साधारण ७ व्होल्ट तरी लागतात, तिच्यातच दोनेक व्होल्ट पडतात. आता जर आकृतीत ७८०५ ला मोबाईलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवरून सप्लाय दाखवला असेल तर ते सर्किट कोणी बनवलेलं नाही, कॉम्प्युटरवर रेषा जोडल्या आहेत बस. उलट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून अर्धा अँपिअर काढायला सांगितला असेल तर वरचे ७ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे साडेतीन वॉटची उष्णता होते, तिथं हीटसिंकचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याचा, उल्लेख पाहिजेच, नाहीतर आयसी तापून बंद पडते. रिले असेल तर कॉईलवर उलटा डायोड आहे का पाहा, १एन४००७ असो की दुसरा कोणता, नसेल तर रिले सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टर मारते. एवढ्या तीन गोष्टी पाहायला दोन मिनिटं लागतात अन् नव्वद टक्के भोंगळ लेख त्यातच पकडले जातात. (नव्वद टक्के हे आपलं बोलायचं, मोजलं नाही.)

चांगल्या लेखात आणखी एक गोष्ट असते, मोजमापाच्या जागा. 'या पिनवर मल्टिमीटर लावा, इतके व्होल्ट दिसले पाहिजेत, नाही दिसले तर अमुक तपासा.' ही ओळ फक्त तोच लिहू शकते ज्याचं सर्किट पहिल्या फटक्यात चाललं नाही. मला तं वाटते की अख्ख्या लेखात पैसे वसूल करणारी हीच ओळ असते, कारण आपलंही पहिल्या फटक्यात चालत नाही.

झटका मशीनचा, म्हणजे शेताच्या कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राचा, लेख दिसला तर मात्र दहापट कडक व्हा. रोही (नीलगाय) अन् रानडुकरांच्या पायी आपल्याकडे सगळ्यांना ते पाहिजे असते, त्यामुळे असले लेख खपतात. बरोबर बनवलेलं मशीन बॅटरीवर चालते, हजारो व्होल्टचा पण अगदी क्षणाच्या बारीक तुकड्याएवढा झटका साधारण सेकंदाला एक असा देते, अन् प्रत्येक झटक्यातली ऊर्जा मापात ठेवलेली असते, म्हणून जनावर दचकते पण मरत नाही. लेखात झटक्याची लांबी अन् ऊर्जा या दोन्हीबद्दल एक अक्षर नसेल, किंवा कुठंही घरच्या लाईनचा संबंध कुंपणाशी येत असेल, तर ते पान फाडून टाका, वाचनालयात ठेवू नका. विदर्भात कुंपणात थेट लाईन सोडल्यानं माणसंही मेली अन् वाघही मेले. छापलेल्या गोष्टीवर खेड्यात अजूनही मोबाईलपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, तेव्हा इथं संपादकाची जबाबदारी लय मोठी आहे. लेखकाला 'तू हे बनवलंस का, दाखव' म्हणणारं माणूस ऑफिसात नसेल तर असले विषय घेऊच नयेत.

बागकामाच्या मासिकात चोरी पकडणं आणखी सोपं. मजकूर कोणत्या देशातून उचलला ते झाडच सांगते. 'शेवटचं हिम पडून गेल्यावर बी पेरा' असलं काही सापडलं की झालंच, पण इतकं उघड आता कोणी सोडत नाही. बारीक खुणा शोधा. 'कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा, वर्षभर भरपूर ऊन मिळेल', हे वाक्य युरोप-अमेरिकेतलं आहे. आपण साधारण २० ते २१ अंश उत्तर अक्षांशावर, मेच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर येते आणि जूनमध्ये तं दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असते, तेव्हा भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन जवळजवळ येतच नाही. दुसरी खूण म्हणजे कॉफीचा चोथा. बाप्पा, आमच्या गावात कॉफी पिते कोण? चहाचा चोथा घाला म्हटलं असतं तर निदान कोणीतरी इथं बसून विचार केला असं वाटलं असतं. अन् सगळ्यात मोठी परीक्षा मे महिन्याची. पारा ४५ ला टेकलेला असताना, नळ दोन-चार दिवसांआड असताना हे झाड कसं जगवायचं याबद्दल लेखात काही आहे का? काळ्या मातीत कुंडी भरली तर पाणी बसून राहते, वाळली की भेगा पडून कडेनं पाणी वाहून जाते, त्यात रेती-शेणखत किती मिसळायचं हे आहे का? नसेल तर तो लेख आपल्यासाठी लिहिलेला नाही, फोटो छान असले तरी.

आकाशदर्शनाचं मासिक असेल तर नकाशा कोणत्या अक्षांशाचा आहे ते पाहा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितका त्या जागेचा अक्षांश, हा साधा नियम. आपल्याकडे तो वीस-एकवीस अंशावर पाहिजे. नकाशात तो अर्ध्या आकाशाएवढा वर चढलेला असेल तर तो नकाशा परदेशातून जसाच्या तसा आणला आहे. आणखी एक पाहा, हिवाळ्याच्या नकाशात दक्षिणेला अगस्त्य तारा आहे का? आपल्याला तो क्षितिजाच्या सोळा-सतरा अंश वर मस्त दिसते, पण ४० अंश उत्तरेला तो उगवतच नाही, म्हणून तिकडच्या नकाशात नसते. अगस्त्य नसलेला हिवाळी नकाशा मराठी मासिकात छापलेला दिसला तर हसा अन् पान उलटा.

पक्ष्यांच्या लेखात जागा, महिना अन् वेळ या तीन गोष्टी नसतील तर तो निबंध झाला. सारस क्रौंचावर लेख आहे अन् त्यात गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांचं नावही नाही असं झालं तर लेखकानं बसल्या जागी लिहिलं, कारण महाराष्ट्रात सारस पाहायचा तर त्याच पट्ट्यात जावं लागते. फोटोवर शंका आली तर मोबाईलमधल्या गूगल लेन्सनं तो फोटो शोधा, कुठून उचलला ते बरेचदा समोर येते.

रेल्वेचा छंद असणारे आपल्याकडे कमी, पण चोरलेला लेख अन् पाहून लिहिलेला लेख यातला फरक मला सगळ्यात चांगला समजला तो शकुंतला या छोट्या रेल्वेवरून. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला अन् एक आमच्या कारंजावरून यवतमाळला, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली, दोन्ही मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. तिच्यावर नेटवर जे काही आहे त्यात तीच तीन वाक्यं फिरत राहतात: मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन, ते १९२३ ते १९९४ चाललं, आणि लाईन अजून इंग्रजी कंपनीची. पहिली दोन ठीक, तिसऱ्यात किती दम आहे हे कोणी कागद काढून पाहत नाही, एकमेकांचं उतरवतात अन् छापतात, मराठीत छापतात, इंग्रजीत छापतात. आता ज्यानं या गाडीत प्रवास केला असेल तो काय लिहील? तो लिहील की स्टेशनवर स्टाफ नसल्यानं गाडीवरचेच लोक उतरून तिकिटं फाडायचे, फाटक लावायचे, गाडी पुढं काढायची अन् पुन्हा फाटक उघडायचे. तो कोणत्या स्टेशनावर गाडी किती वेळ खोळंबायची ते लिहील. अंकात शकुंतलेवर लेख असेल तर ही तीन वाक्यं झाकून ठेवा अन् उरलेलं वाचा, काही उरलं तर लेख चांगला. हीच युक्ती कोणत्याही विषयाला लावता येते. विषयाचं नाव मोबाईलवर टाका, पहिल्या दोनतीन पानांवर जे सापडते ते लेखातून मनातल्या मनात खोडा, बाकी काय राहिलं त्याचे पैसे द्यायचे.

असं का झालं हेही थोडं समजून घ्या, उगाच संपादकांना शिव्या देऊन उपयोग नाही. छंदाचं मासिक कधीच फक्त वर्गणीवर चालत नव्हतं, ते छोट्या जाहिरातींवर चालायचं, कोणी बी विकते, कोणी किट विकते, कोणी जुना कॅमेरा विकते. त्या सगळ्या जाहिराती नेटवर गेल्या. २०१६ मध्ये जिओ आलं अन् खेड्यातही व्हिडिओ फुकटात पाहता येऊ लागले, त्याच्या आधी संगणकाच्या मासिकासोबत सीडी यायची, नुसत्या त्या सीडीसाठी लोक अंक घ्यायचे, ते कारणच संपलं. पैसे आटले की पहिली कात्री मानधनावर अन् तपासणाऱ्या माणसावर लागते, कारण मुखपृष्ठ खराब झालं तर लगेच दिसते पण तपासणी बंद झाली तर वर्षभर कोणाला समजत नाही. मंग लेख नेटवरून, फोटो नेटवरून, अन् वाचक म्हणते की हे तं मी पाहिलं आहे. हे फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतलं पॉप्युलर सायन्स १८७२ पासूनचं, २०२१ मध्ये त्यांनी कागदी अंक बंद केला अन् २०२३ मध्ये मासिक म्हणून पूर्णच आवरलं. संगणकाच्या छंदावरचं बाइट १९७५ ला निघालं अन् १९९८ लाच गेलं. मेक नावाचं हातानं वस्तू बनवणाऱ्यांचं मासिक, २००५ चं, म्हणजे नेट आल्यावरच जन्मलेलं, त्याच्या कंपनीनं २०१९ मध्ये सगळ्या लोकांना घरी पाठवलं, पण मंग ते पुन्हा छोट्या रूपात उभं राहिलं, अन् माझ्या मते ते उभं राहिलं कारण त्यात करून पाहिलेल्या गोष्टी असतात. पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक होता, तो अंक पाहूनच बिल गेट्स अन् पॉल ॲलन यांनी त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायला घेतला. छंदाच्या मासिकात एवढी ताकद असायची.

आपल्याकडे सृष्टिज्ञान १९२८ पासूनचं आहे, इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू १९६९ पासूनचं. कोणतं आजही घ्यावं हे मी सांगणार नाही, वरच्या खुणा लावून तुम्हीच ठरवा, नाहीतर माझीही जाहिरातच व्हायची.

जुने अंक

नवीन अंकात दम नसेल तर त्याच पैशात जुने घ्या, हा माझा सरळ सल्ला. छंदाचं ज्ञान बातमीसारखं शिळं होत नाही. ५५५ टायमर आयसी १९७२ च्या सुमाराला बाजारात आला, तो आजही मिळते, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर मिळते, तेव्हा ऐंशीच्या दशकातलं सर्किट आज जसंच्या तसं बनते. फक्त एसी १२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतील तर ते सोडून द्या, मिळणं कठीण. कलम बांधणं तं त्याहून जुनं. औषधांच्या बाबतीत मात्र जुना अंक अजिबात पाळू नका, तेव्हा शिफारस केलेली कितीतरी कीटकनाशकं नंतर बंद झाली आहेत.

मिळवायचे कुठं? तालुक्याच्या रद्दीवाल्याला आधी सांगून ठेवा, नुसतं 'मासिकं आली तर सांगजा' म्हणून भागत नाही, त्याला एक अंक दाखवा, असा आकार, असं नाव. किलोचा भाव देतो त्यापेक्षा थोडा जास्त देईन म्हणा, मंग तो बाजूला काढून ठेवते. शाळा-कॉलेजचं वाचनालय जुने अंक काढून टाकते तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये विचारा. नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीत) जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत तिथं चाळायला अर्धा दिवस ठेवा. घेताना मधली पानं तपासा, सर्किटचं किंवा नकाशाचं पान नेमकं कोणीतरी फाडून नेलेलं असते. सलग वर्षाचे बारा मिळाले तर सुट्यांपेक्षा ते घ्या, कारण जानेवारीतल्या आकृतीची दुरुस्ती मार्चमध्ये असते. मार्चचा अंक हाती आला तर त्यातला 'फॉर्म ४' वाचून पाहा, मालक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण हे वर्षातून एकदा छापावं लागायचं. वेगवेगळ्या वर्षांचे फॉर्म ४ शेजारी ठेवले की मासिक कधी हात बदललं ते समजते, अन् बरेचदा दर्जा पण तिथूनच घसरलेला सापडते.

कागदी नको असतील तर इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली लय मासिकं आहेत, गूगल बुक्सवर पॉप्युलर मेकॅनिक्स अन् पॉप्युलर सायन्सचे जुने अंक अख्खे वाचता येतात, रेडिओवाल्यांसाठी वर्ल्ड रेडिओ हिस्टरी नावाची साईट म्हणजे खजिना आहे. पोरांसाठी बालभारतीच्या किशोरचे १९७१ पासूनचे अंक डिजिटल करून ठेवले आहेत, फुकट. गंमत अशी की ज्या नेटनं मासिकं मारली त्याच नेटवर जुनी मासिकं सगळ्यात चांगली जपली आहेत.

ठेवताना पावसाळ्याचा विचार करा. आधी पिना काढा, सगळ्यात आधी त्याच गंजतात अन् मधली पानं खातात, तिथं दोऱ्यानं शिवून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल आत कोंडते. भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी भिंतीतूनच येते, लाकडी मांडणीऐवजी लोखंडी रॅक, तीही भिंतीपासून वीतभर पुढे. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर पूर्ण वाळवून घाला, ओला घातला तर बुरशी आणते. अन् वर्षातून एकदा उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर पसरा.

एक वही करा. ही गोष्ट लोक टाळतात अन् मंग अंक नुसते पडून राहतात. वहीत अंकाप्रमाणे लिहू नका, कामाप्रमाणे लिहा: 'मोटर ऑटो स्टार्ट', 'संत्र्याची कलम', 'दुर्बिणीचा स्टँड', समोर महिना, वर्ष अन् पान. पोट्ट्यांना कामाला लावलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाते. स्वतःपुरता मोबाईलनं फोटो काढून ठेवला तर ठीक, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. पण अख्खा अंक पीडीएफ करून ग्रुपवर टाकू नका, लेखक गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो, अन् चालू मासिकाचा ताजा अंक असा वाटत फिरायचं अन् वरून दर्जा घसरला म्हणायचं हे जमत नाही.

वर्गणी भरताना

एकदम तीन वर्षांची भरू नका, सूट कितीही असो. एक वर्ष भरा, सहा महिन्यांनी पुन्हा पेन्सिल घेऊन बसा. डिजिटल वर्गणी असेल तर आधी विचारा की वर्गणी संपल्यावर जुने अंक वाचता येतील का अन् पीडीएफ उतरवून घेता येते का. बऱ्याच ॲपवर पैसे बंद की कपाट बंद. शेजारच्या दोनतीन गावांची वाचनालयं मिळून वेगवेगळी मासिकं मागवा अन् महिन्यानं अदलाबदल करा, एकाच मासिकाच्या तीन प्रती तीन गावांत घेण्यात काही अर्थ नाही.

आणि संपादकाला लिहा. फोनवर बोलून उपयोग होत नाही, लिहूनच. 'दर्जा घसरला' असं मोघम लिहिलं तर कोणी वाचत नाही. अंक, पान, ओळ, काय चुकलं, तुम्ही काय करून पाहिलं अन् काय निघालं, एवढंच, अर्ध्या पानात. उत्तर आलं नाही तर दोन अंक वाट पाहा, मंग तेही तुमच्या पेन्सिलच्या हिशोबात धरा. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःच लेख पाठवा. आपल्याकडे किती लोकांनी बोअरच्या मोटरला काय काय जुगाड करून ठेवले आहेत, कोणी संत्र्याच्या बागेत पक्ष्यांच्या नोंदी ठेवून राहिले आहेत, अन् मासिकं तिकडे मजकूर नाही म्हणून नेटवरचं छापून राहिली आहेत. पाठवताना फोटो काम चालू असतानाचे द्या, फक्त शेवटचा चकचकीत नको, मापं लिहा, कुठं फसलं ते लिहा, सामान कोणत्या गावात मिळालं ते लिहा. मानधन मिळेल का ते आधीच विचारून घ्या, लाजू नका.

अंक पोहोचला नाही तर महिन्याच्या आतच कळवा, कारण शिल्लक प्रती बरेच प्रकाशक फार दिवस ठेवत नाहीत. कळवताना वर्गणीदार क्रमांक, पिनकोड अन् पावतीचा फोटो सोबत द्या, आणि आपल्या गावाच्या पोस्टमनलाही एकदा विचारा, सारख्या नावाची गावं लय आहेत अन् आमचे दोन अंक तसेच दुसऱ्या तालुक्यात फिरून आले होते.